डोलवी-पेणहून मुलांना घेऊन जंगलात जायचंय? कर्नाळा, फणसाड आणि कोलाडबद्दल हे आधी माहीत असू द्या

जुलैमधला रविवार. सकाळी आठलाच वडखळ नाक्यावर गाड्यांची रांग. कुणी अलिबागकडे वळतंय, कुणी नागोठणे-कोलाडच्या दिशेने सरळ निघालंय. मागच्या सीटवर मुलं, डिकीत वेफर्सची पाकिटं आणि फोनवर आदल्या रात्री पाहिलेलं धबधब्याचं रील. कुठे जायचं ते त्या रीलनेच ठरवलेलं असतं. पण तिथे सहा वर्षांचं मूल चालू शकेल का, पाणी कधी वाढतं, जवळ दवाखाना आहे का, हे रीलमध्ये कधीच नसतं.

डोलवी म्हटलं की आपल्याला पोलाद प्रकल्पाच्या चिमण्या आणि धरमतरची खाडी आठवते. पण याच डोलवीहून एक-दोन तासांच्या अंतरात दोन अभयारण्यं आहेत, भर उन्हाळ्यातही वाहणारी एक नदी आहे आणि सह्याद्रीची जंगलं आहेत. कुटुंबासोबत एक दिवस काढण्यासाठी एवढं पुरेसं आहे. प्रश्न फक्त दोन: कुठल्या वयाच्या मुलांना कुठे न्यायचं आणि कधी न्यायचं. तेच नीट समजून घेऊ.

रायगडमध्ये राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी. यातलं ताडोबा सर्वात जुनं, १९५५ सालचं. डोलवीकरांना सर्वात जवळचं म्हणजे मुंबईत बोरिवलीला असलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या कान्हेरी लेण्या मुलांना दाखवण्यासारख्या आहेत, फक्त सोमवारी उद्यान बंद असतं हे लक्षात ठेवा.

रायगड जिल्ह्यात आहेत ती अभयारण्यं. दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायलाही परवानगी नसते. अभयारण्यात स्थानिक लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. पर्यटकांसाठी मात्र नियम जवळपास सारखेच: परवानगी घेऊन आत जायचं, काही तोडायचं नाही, प्राण्यांना छेडायचं नाही, आग पेटवायची नाही, शस्त्र न्यायचं नाही. म्हणजे अभयारण्यात चूल मांडून चिकन शिजवणं किंवा स्पीकर लावून नाचणं ही 'थोडी मजा' नसते, तो कायद्याचा भंग असतो.

कर्नाळा: मुलांच्या पहिल्या जंगलफेरीसाठी

डोलवीहून पेणमार्गे पनवेलकडे निघालात की महामार्ग थेट कर्नाळा अभयारण्यातूनच जातो. रस्त्यावर वाहतूक नसेल तर पाऊण ते एक तास. पेण-पनवेल एसटीनेही जाता येतं. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. सुरुवातीला ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २००३ मध्ये वाढवून १२ चौरस किलोमीटरच्या घरात नेलं. एवढ्याशा जंगलात दीडशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

लहान मुलांसाठी कर्नाळा सोयीचं का? कारण इथे जंगल बघायला डोंगर चढावाच लागत नाही. प्रवेशद्वारापासून आत सपाट वाट आहे आणि पुढे निसर्गवाटा फुटतात. त्यातली एक 'हरियाल' नावाची छोटी वाट आहे. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. मुलांना हे वाटेवरच सांगा, लक्षात राहतं. 'मोरटाका' ही दुसरी वाट लांब आहे. आठ-दहा वर्षांपुढच्या, चालायची सवय असलेल्या मुलांनाच तिकडे न्या.

दिसतं काय? दयाळ, शामा, स्वर्गीय नर्तक, शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा भृंगराज. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहाटे कुणीतरी शीळ घालत चाललंय असं वाटलं तर तो माणूस नसतो, शीळकरी कस्तूर असतो. पण यासाठी सकाळी लवकर पोहोचावं लागतं. अकरानंतर पक्षी शांत होतात आणि सहलीच्या बस येऊ लागतात.

किल्ल्यावर जायचं का? कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरून दिसतो आणि मुलं हट्ट धरतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. चढायला साधारण दीड तास धरा, शेवटचा टप्पा उभा आणि घसरडा आहे. सुळक्याला आग्या मोहोळं असतात. त्यामुळे भडक अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळायचा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना किल्ल्यावर नेण्यापेक्षा खालच्या वाटेवर दोन तास घालवा. वेळ उरला तर परतताना जवळच्या शिरढोणला थांबा. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावात झाला.

एक सूचना गाडी चालवणाऱ्यांसाठी. माकडं दिसली म्हणून महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून केळी टाकू नका. खाऊच्या आशेने माकडं रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

फणसाड: शेकरू आणि 'गाण'

फणसाड अभयारण्य मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलंय, सुमारे ७० चौरस किलोमीटर. डोलवीहून दीड-दोन तास लागतात. सुपेगाव हे आत जायचं मुख्य ठिकाण, रोह्याकडून किंवा रेवदंड्याकडून तिथे पोहोचता येतं. काशीदचा समुद्रकिनारा जवळच आहे, पण तिथे जाणाऱ्या बहुतेक गाड्या फणसाडकडे वळतच नाहीत.

हे जंगल टिकलं त्यामागे एक गंमत आहे. जंजिरा संस्थानाच्या काळात ही नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. राजाला शिकार मिळावी म्हणून जंगल राखलं गेलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये त्याच जंगलाचं अभयारण्य झालं.

इथलं आकर्षण म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकापासून शेपटीपर्यंत जवळपास मीटरभर लांबीची ही खार जमिनीवर क्वचित उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पाच-सहा मीटरची उडी सहज मारते. शेकरू दिसलं नाही तरी त्याची घरटी दिसतात: उंच फांद्यांत काटक्या-पानांचे मोठे गोळे. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. मुलांना 'घरटी मोजा' असं काम द्या, मान दुखेपर्यंत वर बघत राहतील.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट 'गाण'. जंगलातल्या बारमाही पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाड गाण अशी त्यांची नावं आहेत. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटलं की प्राणी गाणीवर येतात. काठावरच्या ओल्या मातीत पावलांचे ठसे उमटलेले असतात. इथे बिबट्याही आहे, पण दिवसा दिसण्याची शक्यता फार कमी. म्हणून 'वाघ-बिबट्या बघायला चाललोय' असं मुलांना सांगून नेऊ नका. न दिसलेल्या बिबट्यापेक्षा दिसलेला ठसा बरा.

आणखी एक चीज म्हणजे गारंबी. हाताच्या मनगटापेक्षा जाड वेल आणि त्याला हातभर लांब शेंगा. शेंग जमिनीवर पडलेली दिसली तर बघा, हात लावून ठेवा आणि तिथेच सोडा. घरी आणायची नाही.

फणसाडला स्थानिक वाटाड्या घेऊनच फिरा. वाटा फसव्या आहेत, आत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. वाटाड्याला दिलेले पैसे आसपासच्या गावात राहतात हा वेगळा फायदा.

कोलाड: राफ्टिंग सकाळीच का असतं?

कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते सकाळीच का, हे कमी जणांना ठाऊक असतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवलं जातं. टाटांचं हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज तयार झाली की ते पाणी पुढे कुंडलिकेत येतं. म्हणजे नदीची लाट पाऊस ठरवत नाही, वीजनिर्मिती ठरवते. पाणी सकाळी सोडतात म्हणून राफ्टिंग सकाळी.

यातून पालकांनी घ्यायचा धडा वेगळा आहे. दुपारी शांत, घोट्याएवढं पाणी असलेली नदी पाणी सोडल्यावर थोड्या वेळात बदलते. त्यामुळे कुंडलिकेच्या पात्रात, खडकावर बसून डबा खाणं किंवा मुलांना खेळायला सोडणं धोक्याचं. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालच्या मुलांना राफ्टिंगला घेत नाहीत. 'चालतंय हो, बसवा' असं कुणी म्हणालं तर तो आयोजक बदला. लाइफ जॅकेट मापाचं आहे का आणि त्याचे पट्टे घट्ट लागतात का, हे स्वतः तपासा.

घरात लहान मुलं असतील तर कोलाड सोडून पालीकडे वळा. बल्लाळेश्वराचं दर्शन आणि जवळच उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे. जमिनीतून गरम पाणी कसं येतं हा प्रश्न मुलं विचारतीलच.

धबधबा: इथे थांबून वाचा

३० जून २०२४. लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एक कुटुंब धबधब्याच्या प्रवाहात उभं होतं. पाणी अचानक वाढलं. एकाच कुटुंबाच्या सहलीतले पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर काही दिवसांतच, जुलैमध्ये, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली.

पहिल्या घटनेचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला आणि विचारलं, 'ते बाजूला का नाही झाले?' उत्तर सह्याद्रीच्या रचनेत आहे. इथला काळा खडक पाणी फारसं शोषत नाही आणि उतार उभे आहेत. वर माथ्यावर जोराची सर आली की ते पाणी काही मिनिटांत खाली पोहोचतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं तरी. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. मग मुलाला कडेवर घेऊन तोल सावरणं जवळजवळ अशक्य होतं.

पाणी वाढण्याआधी काही खुणा दिसतात:

- स्वच्छ पाणी अचानक गढूळ, तांबूस होतं.
- पाण्यातून पानं, काटक्या वाहत येऊ लागतात.
- वरून येणारा आवाज बदलतो, घरघर वाढते.
- मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो.

यातली एकही खूण दिसली तर सामान, चप्पल, फोन काही न उचलता मुलांना घेऊन जवळच्या काठाने वर चढायचं. प्रवाह ओलांडून पलीकडे जायचा प्रयत्न करायचा नाही, मग गाडी पलीकडे का असेना.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर आणि धरणांवर बंदी घालतं. ही बंदी आदल्या वर्षीच्या मृत्यूंवरून आलेली असते. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश आणि हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर जंगल पुढच्या रविवारीही तिथेच असतं.

मग जायचं कधी?

ऑक्टोबर-नोव्हेंबर: कुटुंबासाठी सर्वात चांगला काळ. पाऊस संपलेला, जंगल हिरवं, ओढ्यांना बेताचं पाणी. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं.

डिसेंबर ते फेब्रुवारी: पक्षी बघायचे तर हाच काळ. उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी असतात, हवा थंड असते.

फेब्रुवारी-मार्च: सावर, पळस, पांगारा फुलतात. फुललेल्या सावरीखाली अर्धा तास उभे राहा. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, सगळे मध प्यायला एकाच झाडावर येतात. यासाठी अभयारण्यात जायचीही गरज नाही, डोलवी-पेण परिसरातलं एखादं सावरीचं झाड पुरतं.

एप्रिल-मे: करवंदं, जांभळं. फक्त सकाळी नऊच्या आत फिरून घ्या. ऊन आणि घाम दोन्ही मुलांना थकवतात.

जून ते सप्टेंबर: जंगल सर्वात सुंदर आणि सर्वात बेभरवशाचं. सपाट वाटांवरच फिरा. अभयारण्य ऐनवेळी बंद ठेवलं जाऊ शकतं, त्यामुळे आधी चौकशी करा.

मुलांना 'बोअर' होऊ नये म्हणून काय करायचं?

- दहा मिनिटं गप्प बसायची पैज. डोळे मिटून किती वेगळे आवाज आले ते बोटांवर मोजायचं. पहिल्या दोन मिनिटांत एकच आवाज येतो, दहाव्या मिनिटाला सात-आठ येतात.
- वहीत चित्र. पान तोडायचं नाही, बघून काढायचं. कडा कातरलेली आहे की गुळगुळीत, शिरा कशा आहेत.
- पुरावा शोधा. पाऊलखुणा, पीस, अर्धवट खाल्लेलं फळ, विष्ठा. कुणाचं असेल यावर घरी येईपर्यंत वाद घालता येतो.
- यादी करा. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद 'ई-बर्ड'सारख्या ॲपवर टाकता येते. ती नोंद अभ्यासकांच्या कामी येते हे कळलं की मुलं गंभीर होतात.

आणि वेळेचं गणित साधं ठेवा. सात वर्षांखालच्या मुलांसाठी दोन तासांची फेरी पुरे. मूल थकण्याआधी परत फिरलात तर पुढच्या वेळी ते स्वतःहून विचारेल, 'परत कधी जायचं?'

साप, विंचू चावला तर?

घाबरून जंगल टाळायची गरज नाही, पण माहिती हवी. कोकणात फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप आढळतात. लाल विंचूही आहे. फुरसं आणि विंचू दोन्ही दगडांखाली, पालापाचोळ्यात लपतात. म्हणून पायात बूट, दगड उलटायचे नाहीत, बिळात-ढोलीत हात घालायचा नाही, बसण्याआधी जागा बघायची.

साप चावल्यास जखम कापू नका, विष चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला भाग शक्यतो हलवू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. विंचवाच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्यानेच जगाला उपचार दाखवला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे मृत्यूचं प्रमाण खूप घटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहान मुलाला विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर 'उतरेल आपोआप' म्हणत थांबू नका.

रील टाकण्याआधी

पावसाच्या तोंडावर कोकणात एक चिमुकला रंगीत पक्षी येतो, तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, पण अंगावर निळा, जांभळा, केशरी, पिवळा असे सगळे रंग. ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून तो घरटं करतो. फोटो इतका सुंदर येतो की एकाने ठिकाण टाकलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते. माणसं घरट्यासमोर बसून राहिली की आईबाप खाऊ घेऊन बिळात शिरत नाहीत, आत पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून साधा नियम: फोटो टाका, घरट्याचं लोकेशन टाकू नका. 'रायगड' एवढं पुरे. हेच अनोळखी धबधब्यांनाही लागू. तुमच्या रीलवरून येणाऱ्या कुटुंबाला तिथला निसरडा दगड माहीत नसतो.

जंगलात माणसंही राहतात

पेण, पनवेल, रोह्याच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. खैरापासून कात करणारे ते कातकरी, असं हे नाव पडलं. रस्त्याच्या कडेला करवंदं, रानभाज्या घेऊन बसलेल्या बायका बहुधा याच वाड्यांवरच्या. पावसाच्या सुरुवातीला मिळणारी शेवळं घेतलीत तर सोबत काकडं मागायला विसरू नका, नाहीतर भाजी घशाला खाजते. भाव करण्याआधी 'ही कशी करायची मावशी?' एवढं विचारा. त्या दोन मिनिटांत मुलं जे शिकतील ते कुठल्याही माहितीफलकावर नाही.

या जंगलांवरचा हक्क लोकांनी लढून मागितलाय. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. कर्नाळ्याच्या फेरीला जोडून चिरनेरचं स्मारक बघता येतं. आणि हो, परवानगी न घेता वाडीतल्या लहान मुलांचे फोटो काढू नका. तुमच्या मुलांचे अनोळखी माणसाने काढले तर कसं वाटेल?

निघण्याआधी ही यादी बघा

- प्रत्येकी किमान दीड लिटर पाणी, शक्यतो स्टीलच्या बाटलीत. गेटवर प्लास्टिक तपासलं जाऊ शकतं.
- डबा घरचा, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. सालंसुद्धा परत आणायची.
- पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे. मुलाच्या खिशात पालकांच्या फोन नंबरची चिठ्ठी.
- शिट्टी. हरवलास तर जागचा हलू नकोस आणि वाजव, हे मुलाला आधी सांगा.
- कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी एकाला सांगून ठेवा.
- नंबर साठवा: आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६.
- प्रवेशाची वेळ आणि शुल्क बदलत असतं, आदल्या दिवशी विचारून घ्या.

पहिल्यांदाच जात असाल तर ऑक्टोबरमधला एखादा रविवार ठरवा. सकाळी सहाला निघा, सातला कर्नाळ्याच्या गेटवर, दोन तास हरियालच्या वाटेवर, मग झाडाखाली डबा आणि जेवायच्या वेळेला घरी. धबधबा नाही, किल्ला नाही, बिबट्या नाही. तरीही सोमवारी शाळेत तुमचं मूल दहा मिनिटं गप्प बसून ऐकलेल्या आवाजांबद्दल सांगेल.